वैजीनाथभाऊंची पाठ

गावात कुणाचं काय दुखतं हे विचारायचं असेल तर मला विचारा. डॉक्टर परभणीहून आठवड्यातून तीन दिवस येतात. बाकीचे दिवस दवाखान्याची खिडकी मी उघडतो, गोळ्या-मलम देतो आणि वही लिहितो. वहीत रकाने तीनच : नाव, वय, कुठं दुखतं. एकतीस वर्षांत अशा अठरा वह्या भरल्या. त्या ओळीनं वाचत गेलं तर गावाचा सगळा कारभार कळतो. ऊस तोडून आलेल्यांची कंबर धरते, भाकरी थापणाऱ्या बायांचं मनगट सुजतं, आणि दिवसभर हुकूम सोडणाऱ्यांची मान आखडते. असं का, ते मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. मी लिहिणारा माणूस.

त्या अठरा वह्यांत वैजीनाथभाऊंचं नाव एकदाही नव्हतं.

बेचाळीस वर्षांचा गडी, एकशे आठ किलो, त्यात चरबी म्हणून नाही. दर हनुमान जयंतीला तालमीपुढं त्यांच्या छातीचं माप घ्यायचा मान माझा. दवाखान्यातलाच टेप मी नेत असे. छाती फुगवली की मी मोठ्यानं आकडा म्हणायचो, "अठ्ठेचाळीस", आणि पोरं टाळ्या पिटायची. सत्तेचाळीस भरली त्या वर्षीही मी अठ्ठेचाळीसच म्हणालो होतो. तालमीच्या मागं त्यांनी जिम काढली होती, तिथली दहा-अकरा पोरं कायम त्यांच्या अवतीभवती असत. गावातलं कुठलंही भांडण मिटवायला भाऊ स्वतः बोलत नसत. नुसतं बाही वर करून उभं राहायचं, की दोन्ही पार्ट्यांना आपापली चूक आठवायची.

पेपरात याला मनगटशाही म्हणतात. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचा तक्ता आहे. त्याच्या अंगभर लाल दोऱ्यांचे पेड दाखवलेत आणि खाली 'स्नायू' लिहिलंय. पेपर आणि तक्ता मी रोज समोरासमोर बघायचो. दोन्हीकडं एकाच वस्तूबद्दल चाललंय, हे मात्र त्या मंगळवारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता शिवकन्येबद्दल सांगतो. चौतीस वर्षांची बाई, अंगानं काटकुळी. सात हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेली. यंदा नवरा ओमप्रकाश एकटाच गेला, कारण अडीच एकरात हळद लावली होती आणि ती काढायला कुणीतरी मागं राहायला हवं होतं. हळद काढून झाली. शेतात ढीग पडला. आता ती शिजवायला कुकर लागतो. घरातला नव्हे, ट्रॅक्टरमागं जोडलेला, वाफेवर चालणारा मोठा. ओल्या हळदीचा ढीग फार दिवस राहिला की आतून तापतो, मऊ पडतो आणि वर्ष वाया जातं. ढिगाला सहा दिवस झाले होते. कुकरवाला नागनाथ दोन दिवसांपासून पिंगळीच्या रस्त्यावर थांबून होता. त्यानं सांगून टाकलं होतं, "बाई, उद्या सकाळी मी वसमतकडं निघालो. तिकडं लोकं वाट बघायलेत."

तो थांबला होता, कारण शिवकन्येच्या शेताला जाणारी एकच पांदण भाऊंनी बंद केली होती. जेसीबी लावून सहा फूट रुंद, कमरेइतका खोल चर मारला आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पांदण त्यांच्या बांधाला लागून होती, त्यांना ती आपल्या रानात घ्यायची होती. शिवकन्येनं तहसीलला अर्ज केला. वाट मोकळी करा असा कागदही आला, तिनं तो मला वाचायला दाखवला. चांगला कागद होता, शिक्का स्पष्ट होता. पण कागदाला मनगट नसतं. चराजवळ भाऊंची दोन पोरं खुर्च्या टाकून बसली, आणि कागद घडी होऊन तिच्या डब्यात गेला. बाया बांधाबांधानं एकामागं एक चालत शेतात जायच्या. ट्रॅक्टरला बांधावरून चालता येत नाही.

या शिवकन्येची आणखी एक गोष्ट म्हणजे ती पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय घेऊन आलेली. आमच्याकडं समजूत अशी की पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघून जाते. गावात पायाळू ती एकटीच. तिच्या दारात सकाळी सकाळी कुणीतरी कंबर धरून उभा असायचाच. याचे नियम चार, आणि ते लेकरांनाही पाठ. दुखणेकऱ्यानं पायाळूकडं जायचं, पायाळूनं त्याच्याकडं जायचं नाही. दिवस मावळायच्या आत जायचं. पाय तीनदाच. आणि पायाळूनं काही मागायचं नाही, दिलेलं घ्यायचं नाही, अगदी चहासुद्धा.

मी दवाखान्याचा माणूस, माझा यावर विश्वास नव्हता. माझ्याकडं पुरावा होता ना. गेल्या साली वहीत एकशे बारा उसणी लिहिल्या, त्यातली साठेक माणसं आधी तिच्याकडं जाऊन आलेली. गुण नाही म्हणून आमच्याकडं. हे मी एकदा तिलाच ऐकवलं. ती म्हणाली, "मामा, ज्याला गुण आला तो तुमच्याकडं कशाला येईल?" मी घरी आलो आणि दोन दिवस वही उघडली नाही. म्हणजे मी एवढी वर्षं तिच्या नापासांची यादी करत होतो.

तर तो मंगळवार. बुधवारी अकरा वाजता भाऊ जिल्हा परिषदेचा अर्ज भरायला मिरवणुकीनं निघणार होते. आदल्या दिवशी तालमीत दगडी नाल उचलायचा, त्याचा फोटो काढायचा, असा बेत. नाल म्हणजे मधोमध मूठ कोरलेला दगड, पन्नास किलोचा. भाऊ तो एका हातानं उचलून खांद्यावर घेतात. मी टेप घेऊन हजर होतोच. भाऊंनी नाल उचलला, खांद्यापर्यंत नेला. परभणीहून आलेला फोटोवाला म्हणाला, "भाऊ, जरासं इकडं बघा."

भाऊंनी इकडं बघितलं.

नाल खाली पडला. भाऊ पडले नाहीत. पडले असते तर बरं दिसलं असतं. ते कमरेत वाकून तसेच राहिले, जमिनीवर सुई पडलीय आणि ती शोधायचीय अशासारखे. अवधूत म्हणजे त्यांचा उजवा हात; त्याला वाटलं हीसुद्धा पोज आहे. त्यानं टाळ्या सुरू केल्या. फोटोवाल्यानं आणखी तीन फोटो काढले.

"अवधूत," भाऊ जमिनीकडं बघत म्हणाले, "टाळ्या थांबव. मला हलता येईना."

तालमीच्या दाराचं फळकुट काढून त्यावर त्यांना पालथं घातलं आणि घरी नेलं, अंगावर सतरंजी टाकून, कुणाला दिसू नये म्हणून. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी इंजेक्शन सांगितलं, मी टोचायला बसलो. सुई आत जाईना. मी एकतीस वर्षं सुया टोचतोय, पण मांस असं लाकूड झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, अंग सैल सोडा."

"सैल सोडता आलं असतं तर तुमाला कामून बोलावलं असतं, मामा?"

सुई वाकली. दुसरी घेतली, ती गेली, पण दुपारी दोनपर्यंत फरक काही पडला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवून बघितला. मणक्याच्या डाव्या बाजूला, कमरेच्या वर, दोन बोटं रुंदीची एक गाठ होती. बस, दोन बोटं. बाकीची सगळी पाठ तशीच होती, पिंपळाच्या खोडासारखी. चाळीस गावं जिला वचकून होती, ती एवढी पाठ त्या दोन बोटांनी धरून ठेवली होती. मी हात काढला नाही. देवळात मूर्तीला हात लावल्यावर होतं तसं मला काहीतरी झालं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर फोनवर म्हणाले, तीन दिवस पडून राहा.

"उद्या अर्ज हाय," भाऊ उशीत तोंड घालून बोलले. "मामा, मी एकदा वाकलेला दिसलो ना, तर परवापासून सगळा तालुका ताठ उभा राहील."

भाऊंच्या मातोश्री कोकिळाकाकू उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या. वय सत्तर, आवाज कधी वर न चढणारा. त्या म्हणाल्या, "पायाळूकडं न्या."

पायाळू कोण आणि तिची वाट कुणी अडवली, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"बोलावून आनतो तिला," अवधूत म्हणाला.

"आन," काकू म्हणाल्या. "आली तर." मग माझ्याकडं वळल्या. "सिताराम, तू जा ह्याच्यासंगं. ह्याच्या तोंडाला लगाम न्हाई."

चरापाशी मोटारसायकल ठेवली आणि आम्ही बांधावरून चालत गेलो. शिवकन्या ढिगापाशी बसून हळदीच्या गड्ड्यांची माती झाडत होती. तिच्याबरोबर चार बाया, त्यात बबिता. बबिताच्या जिभेला आमच्या दवाखान्यात औषध नाही.

"शिवकन्या, भाऊनं बोलावलंय," अवधूत म्हणाला.

"भाऊला येता येत न्हाई व्हय?" बबिता म्हणाली. "वाट तर त्यायनंच केलीय इथं, चांगली खोल."

शिवकन्येनं हातानंच तिला गप्प केलं. मला विचारलं, "मामा, काय झालं?"

मी सांगितलं. तिनं विचारलं, कोणत्या अंगाला? कधीपासून? वजन उचलताना भरली की वळताना? पायात मुंग्या येतात का? आमचे डॉक्टर विचारतात तेच प्रश्न, त्याच क्रमानं. मी उत्तरं देत गेलो आणि मनात म्हणालो, आता ही मागणार. मागायलाच पाहिजे. असा मोका आयुष्यात एकदा येतो. माझ्याजवळ आकडेही तयार होते : सहा दिवसांचा ढीग, एका रात्रीवर आलेला कुकर, सहा फुटांचा चर.

ती म्हणाली, "पायात मुंग्या न्हाईत ना? मग आना त्यायला. दिवस मावळायच्या आत आना."

"तू चल की," अवधूत म्हणाला. "गाडीवर बस माझ्या. पाच मिनिटाचं काम."

"पायाळू चालत गेली तर गुण न्हाई येत. तुज्या आज्जीला विचार. आन् मी गेले तर ह्या ढिगाकडं कोन बघंल? मी दिवस मावळेपर्यंत हितंच हाय."

एवढं बोलून ती पुन्हा माती झाडायला लागली. एक शब्द जास्त नाही. वाटेचं नाव नाही, चराचं नाव नाही. मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. एकतीस वर्षं मी तोंडं बघून दुखणी ओळखतो, पण त्या तोंडावर मला काही वाचता आलं नाही.

अवधूत बांधावरून परत येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं. बांध एक हात रुंद. त्यावरून एकशे आठ किलोचा माणूस फळकुटावर पालथा घालून न्यायचा कसा? तरी भाऊंना चरापर्यंत आणून पोरांनी करून बघितलं. चार पोरांनी फळकुट उचललं, दोघं उंच, दोघं बुटकी. दहा पावलांवर भाऊ एका अंगाला घसरले आणि असे ओरडले की शेजारच्या रानातले बगळे उडाले.

"मला ट्रॉलीत घाला," भाऊ म्हणाले.

"भाऊ, ट्रॉली चरातून कशी जाईल?"

"जेसीबी?"

"पुर्नेला हाय कामावर. निघाला तरी सातला पोचंल."

सातपर्यंत दिवस मावळणार होता. भाऊ पालथेच होते, त्यांना फक्त माती दिसत होती. मग म्हणाले, "बुजवा."

मग मी जे बघितलं ते सांगायला मला आजही बरं वाटतं. जिममधली अकरा पोरं, कुणाचा दंड सोळा इंच, कुणाचा सतरा, फावडी घेऊन चराला भिडली. पहिली दहा मिनिटं मातीचा धुरळा उडाला. विसाव्या मिनिटाला चौघं बसली. एकाच्या तळहाताला फोड आला, तो त्यानं मला आणून दाखवला.

बांधावर उभ्या राहून बाया बघत होत्या. बबिता म्हणाली, "लेकरा, माती हातानं न्हाई उचलत. मांडीनं उचलायची असती. तुमच्या जिममदी मांड्या ठिवत न्हाईत व्हय?"

"तुमी हसा नुसतं, आत्या," तो पोरगा धापा टाकत म्हणाला.

ढिगाकडून शिवकन्येचा आवाज आला, "बबिता, जा चौघीजनी. चार फावडी मारा. दुखनेकरी वाटंत हाय."

बाया चरात उतरल्या. लुगड्याचा काष्टा मारला आणि लागल्या. घाई नाही, धुरळा नाही. फावडं खाली जायचं, गुडघा वाकायचा, माती उलटायची, आणि चौघींचं एकाच वेळी. मी घड्याळ लावून बघितलं, एका मिनिटाला बावीस, आणि तासाभरानंही बावीसच. त्यांच्या पोटऱ्यांवर माझी नजर गेली तेव्हा मला आमचा तक्ता आठवला. कातडीखाली एकेक पेड मोजून घ्यावा असा दिसत होता. या बायांच्या कमरेच्या दुखण्यानं माझ्या अर्ध्या वह्या भरल्यात. ती दुखणी लिहिताना मी त्यांना अशक्त समजत आलो होतो. पोरं बघता बघता गप्प झाली, मग उठली, आणि बायांच्या चालीवर फावडी मारायला लागली. सवापाचला चर बुजला. बाभळीच्या फांद्या बाजूला झाल्या. पोरांनी वर नाचून माती दाबली.

ट्रॉलीत गादी, गादीवर भाऊ, डोक्याशी कोकिळाकाकू, पायाशी मी. ट्रॅक्टर पांदणीत शिरला. मागं आणखी एका ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर नागनाथ, कुकर घेऊन. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. अवधूतनं हात आडवा केला तर तो म्हणाला, "भाऊच्या मागं गेलं की वाट मोकळी असती म्हनतात. आज खरं निघालं की."

शेतात पोतं अंथरलं आणि त्यावर भाऊंना पालथं घातलं. सदरा वर केला. शिवकन्येनं ठिबकच्या नळीवर पाय धुतले. माती गेली, पिवळेपणा गेला नाही. आठवडाभर हळद तुडवलेले पाय, घोट्यापर्यंत पिवळे, टाचेला भेगा. भाऊंच्या पाठीच्या कडेला ती उभी राहिली तेव्हा तिची सावलीही त्या पाठीला पुरत नव्हती. तोल राहावा म्हणून तिनं एका हातानं कुदळीचा दांडा धरला.

काकू मला म्हणाल्या, "सिताराम, तुजा विश्वास न्हाई ना? ठिव हात तिथं."

मी गाठीच्या शेजारी तळवा ठेवला.

पहिला पाय. तिनं लाथ मारली नाही, नुसता टेकवला, टाच गाठीवर आणि बोटं बरगड्यांकडं. मग हळूच भार दिला. किती दिला ते मला तळव्याला कळत होतं, पाच किलो, सात किलो. भाऊंचा श्वास अडकला. पाय उचलला. गाठ तशीच.

दुसरा पाय. आता ती डोळे मिटून होती. टाच थोडी सरकवली, अर्धा इंच मणक्याकडं, जशी बाई अंधारात हातानं देवळीतली काडीपेटी शोधते. थांबली. पुन्हा भार. माझ्या हाताखाली त्या दगडात एक बारीक थरथर सुरू झाली, थव्याच्या पंखांसारखी. एवढ्या मोठ्या माणसात एवढं बारीक काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिसरा पाय. तिनं श्वास सोडला. तेवढ्यात भाऊंनीही सोडला, ठरवून नव्हे, आपोआप. आणि गाठ गेली. ती फुटली नाही की तुटली नाही. तान्हं लेकरू आपलं बोट मुठीत घट्ट धरून असतं आणि झोप लागली की ती मूठ एकेक बोटानं उघडते, तसं ते सगळं माझ्या तळव्याखाली उघडत गेलं. कमरेपासून खांद्यापर्यंत पाठ वितळून खाली बसली. मी हात उचलला नाही, कारण मला उचलावासा वाटला नाही. नागनाथनं कुकरखालचा जाळ पेटवायला काडी ओढली होती, ती त्याच्या हातातच विझली.

भाऊ मातीत तोंड असतानाच म्हणाले, "आजून एकदा ठिव."

"तीनच," शिवकन्या म्हणाली आणि चपलेत पाय घातला.

भाऊ कुशीवर झाले. मग बसले. मग उभे राहिले, आधी वाकून, मग थोडे सरळ, मग ताठ. त्यांच्या पाठीवर पिवळी तीन पावलं उमटली होती, एकावर एक सरकलेली. ओल्या हळदीचा डाग, आठ दिवस निघत नाही.

"काय पायजे ते माग," ते म्हणाले. सवयीनं आवाज मोठा लागला.

बबिता तोंडानं 'वाट, वाट' करत होती, आवाज न काढता. शिवकन्येनं तिच्याकडं बघितलंही नाही.

"पायाळूनं मागायचं नसतं, भाऊ. तुमाला ठावं हाय."

ती ढिगाकडं वळली आणि पाटी भरून कुकरकडं चालू लागली. मला कळेना, हा शहाणपणा होता की इमान होतं. हळद आज शिजेल, हे खरं. पण शिजलेली हळद वाळवायची, पॉलिश करायची, महिन्याभरानं टेम्पोनं बाजारात न्यायची. वाट आज रात्री बंद झाली तर सगळं तिथंच राहील. ते तिला माझ्याइतकंच कळत होतं.

आणि अवधूतनं तेच काढलं. "भाऊ, जेसीबी सातला येतोय. चर परत मारून घेऊ का? न्हाईतर उद्यापासून सगळं गाव हितून जाईल."

भाऊंची मान हलायला लागली होती. होकारानंच, सवयीनं.

"मार की," कोकिळाकाकू सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाल्या. "पर पायाळूची वाट अडवली की उसण उलटती. मग ती पायानं बी जात न्हाई."

भाऊंची मान थांबली. त्यांनी एक हात मागं कमरेवर नेला, तिथंच, त्या दोन बोटांवर. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. गावात एवढे लोक, पण माझ्याकडं.

"मामा, असं व्हतं का? तुमच्या वहीत हाय का?"

नियम चार. पाचवा मी जन्मात ऐकला नव्हता. अठरा वह्यांत, एकतीस वर्षांत, असा एक दाखला नाही. छातीच्या मापात एक इंच वाढवणं निराळं. वहीत मी कधी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या तळव्यावर अजून ती थरथर होती.

"हाय," मी म्हणालो. "तीन हायत. दोन पिंगळीचे, एक पेडगावचा. पेडगावचा अजून वाकूनच चालतो."

भाऊंचा हात कमरेवरच होता. कुकरला वाफ धरली होती. एक पांढरा लोट वर चढला आणि सगळ्या रानावर ओल्या हळदीचा वास पसरला. वाफेच्या पलीकडं शिवकन्या पाटी डोक्यावरून उतरवत होती, गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून.

"अवधूत, जेसीबीवाल्याला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हनाव तिकडंच थांब."

परत येताना भाऊ गादीवर झोपले नाहीत, ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी ताठ बसले. ट्रॉलीत मागं कोकिळाकाकू आणि मी. पांदणीत नव्या मातीवर चाक थोडं खचलं, मग निघालं. मी हळूच विचारलं, "काकू, हा उसण उलटायचा नियम कुठला? मी कधी ऐकला न्हाई."

"मला काय ठावं," काकू म्हणाल्या. "तूच तर तीन सांगितलेस."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाऊ मिरवणुकीनं निघाले, ताठ, पांढऱ्या सदऱ्यात. लोकांनी नमस्कार केले, त्यांनीही केले. दंड मात्र एकदाही दाखवला नाही. आणि गर्दीत मागून कुणाचा धक्का लागला की त्यांचा हात पटकन कमरेवर जात होता. सदऱ्याखाली काय आहे, हे त्या गर्दीत आम्हां दहा-पंधरा जणांनाच माहीत होतं, आणि दहा-पंधरा जणांना माहीत असलेली गोष्ट आमच्या गावात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

दुपारी मी दवाखाना उघडला. एकोणिसावी वही काढली आणि लिहिलं : वैजीनाथ, बेचाळीस, पाठ. त्याच्या वर तीन ओळी मोकळ्या सोडल्या. दोन पिंगळीच्या, एक पेडगावची. कुणी बघायला आलंच तर भरायला असाव्यात. वही मिटताना दिसलं, माझ्या तळव्यावरची हळद पानाला लागली होती.